लिओनार्दो दा विंची तत्त्वज्ञ होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा: होता की नव्हता?

एका वाक्यात जमणार नाही, दोनात सांगतो. निसर्ग, दृष्टी आणि चित्र या तीन बाबतींत होता, आणि चांगल्यापैकी होता. माणसाने कसं जगावं, राज्य कसं चालवावं, मेल्यावर काय होतं, या बाबतींत नव्हता. तिकडे त्याने फारसं लक्षच दिलं नाही.

परीक्षेच्या उत्तराला एवढं पुरे. 'कशावरून?' असं विचारायची खोड असेल, तर पुढे वाचा.

'दा विंची' म्हणायचं की 'लिओनार्दो'?

लिओनार्दो. 'दा विंची' हे आडनाव नाही. विंची हे फ्लॉरेन्सजवळचं टेकडीवरचं गाव, आणि दा विंची म्हणजे त्या गावचा. आपल्याकडे जन्मला असता तर विंचीकर झाला असता.

जन्म १५ एप्रिल १४५२ चा. वडील पिएरो नोटरी, आई कातेरिना, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. अनौरस मुलाला नोटरीच्या पेशात शिरता येत नसे. त्यामुळे पोरगा लॅटिन आणि कायद्याकडे न जाता फ्लॉरेन्समध्ये चित्रकार-शिल्पकार व्हेरोक्किओच्या कार्यशाळेत रंग घोटायला, ब्रॉन्झ ओतायला गेला. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे.

हा प्रश्न मुळात पडतोच का? इतका हुशार माणूस, तत्त्वज्ञ असणारच की!

थोडा दोष आपल्या भाषेचा आहे. मराठीत 'तत्त्वज्ञ' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो शांत, पांढऱ्या दाढीचा, आयुष्याबद्दल चार खोल वाक्यं बोलणारा माणूस. लिओनार्दोची दाढी या साच्यात फिट्ट बसते. आणि कोणी जास्त उपदेश करू लागला की 'तत्त्वज्ञान झाडू नकोस' असं आपण म्हणतो, म्हणजे तत्त्वज्ञान ही झाडायची गोष्ट असं आपण धरूनच चालतो.

पाश्चात्त्य विद्यापीठांतली कसोटी निराळी आहे. तिथे विचारतात की या माणसाने एखादा प्रश्न घेऊन त्यावर युक्तिवाद केला का, आक्षेप गृहीत धरून उत्तर दिलं का, संकल्पना तासून पाहिल्या का. हुशारी किंवा शहाणपण हा मुद्दाच नाही. मी हीच कसोटी लावतो आहे. तिच्यामुळे लिओनार्दोची अर्धी कीर्ती बाद होते. उरलेली अर्धी मात्र अधिक भक्कम ठरते.

त्या काळी तत्त्वज्ञ कोणाला म्हणत?

मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना. एक, विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकवणारे प्राध्यापक. पादुआ आणि बोलोन्याला शिकवणारा पॉम्पोनात्सी त्यांतला. दुसरे, प्लेटोच्या प्रेमात पडलेले विद्वान. फ्लॉरेन्समध्ये मार्सिलिओ फिचिनो त्यांचा म्होरक्या, आणि त्याने केलेला प्लेटोचा लॅटिन अनुवाद १४८४ मध्ये छापून आला. दोघांची भाषा लॅटिन. लिओनार्दो लिही तस्कनीच्या बोलीत, आणि चाळिशीच्या आसपास बसून लॅटिन शब्दांच्या याद्या पाठ करत होता. शाळकरी पोरासारख्या त्या याद्या आजही शिल्लक आहेत.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. पाणी कसं वाहतं, प्रकाश कसा पडतो, पक्षी कसा उडतो, हे सगळं तेव्हा 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' या खात्यात जमा होई. इंग्रजीतला 'सायंटिस्ट' हा शब्द १८३० च्या दशकात तयार झाला. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातही 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' आहे. 'तो वैज्ञानिक होता, तत्त्वज्ञ नव्हता' ही वाटणी आपली आहे. त्याच्या काळात ती कोणाला कळलीही नसती.

त्याच्या काळातल्या कोणी त्याला तत्त्वज्ञ म्हटलं का?

म्हटलं. तिघांचं सांगतो, तिघांचा सूर वेगळा.

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या आश्रयाला लिओनार्दो १५१६ मध्ये गेला आणि तिथेच, आंब्वाझला, २ मे १५१९ रोजी वारला. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी हाच राजा शिल्पकार चेल्लिनीच्या देखत म्हणाला की लिओनार्दोइतकं जाणणारा माणूस जन्माला आला असेल असं मला वाटत नाही. शिल्प, चित्र, वास्तुकला तर होतीच, पण तो फार मोठा तत्त्वज्ञ होता. आपल्यापर्यंत हे चेल्लिनीच्या तोंडून आलंय, आणि चेल्लिनी रंगवून सांगण्यात पटाईत. तरी राजाने नेमका तो शब्द निवडला याला अर्थ आहे.

दुसरा कास्तिल्योने. दरबारी माणसाने कसं वागावं यावरच्या त्याच्या १५२८ च्या पुस्तकात एक टोमणा आहे: जगातल्या पहिल्या दर्जाच्या चित्रकारांपैकी एक जण, ज्या कलेत तो दुर्मीळ आहे तिलाच तुच्छ लेखून, तत्त्वज्ञान शिकायला बसलाय. त्यात त्याच्या कल्पना इतक्या विचित्र की त्याला स्वतःलाही त्या चितारता येणार नाहीत! नाव घेतलेलं नाही, पण रोख लिओनार्दोवर आहे हे बहुतेक सगळे मानतात. चित्राची आगाऊ रक्कम देऊन वाट पाहत बसलेल्या गिऱ्हाइकांना हा टोमणा भलताच पटला असेल.

तिसरा चरित्रकार वासारी, आणि त्याचं सर्वांत मजेदार. कलाकारांच्या चरित्रांच्या १५५० च्या पहिल्या आवृत्तीत तो लिहितो की लिओनार्दोची मतं इतकी पाखंडी झाली होती की कुठल्याच धर्माशी त्याचं जमेना. ख्रिस्ती असण्यापेक्षा तत्त्वज्ञ असणं त्याला मोठं वाटत असावं. १५६८ च्या आवृत्तीत हे वाक्य गाळलं. म्हणजे वासारीच्या लेखी 'तत्त्वज्ञ' हा पुरस्कार नव्हता, जवळजवळ तक्रार होती.

तो स्वतःला काय म्हणवून घेई?

'अनुभवाचा शिष्य.' एका कागदावर नावापुढे त्याने हेच लिहिलंय.

दुसऱ्या एका टिपणात तो स्वतःला अक्षरशत्रू म्हणतो, आणि ते चिडून. मी विद्वान नाही म्हणून काही आगाऊ लोक मला हिणवतील, अशी त्याची सुरुवात आहे. पण हे लोक दुसऱ्यांच्या कष्टांचे दागिने अंगावर घालून फुगून फिरतात आणि मला माझ्या स्वतःच्या कष्टांचं श्रेय देत नाहीत. वादात जो थोरामोठ्यांचे दाखले देतो तो बुद्धी वापरत नाही, स्मरणशक्ती वापरतो, हेही त्याचंच.

यावरून तो पुस्तकांचा वैरी होता असं समजू नका. त्याच्या एका वहीत स्वतःकडच्या ११६ पुस्तकांची यादी आहे. छापखाना नुकता कुठे रुळत होता, त्या काळात एका चित्रकाराकडे एवढी पुस्तकं!

त्याचा एखादा युक्तिवाद दाखवा. सुविचार नको.

माझा सर्वांत आवडता शिंपल्यांचा.

मिलानमध्ये तो एका प्रचंड घोड्याच्या पुतळ्याचं काम करत होता. तेव्हा पार्मा आणि पिआचेन्झाच्या डोंगरांतले काही शेतकरी त्याच्या कार्यशाळेत पोतंभर शिंपले आणि पोवळी घेऊन आले. समुद्र कुठल्या कुठे, आणि हे डोंगराच्या खडकातून निघालेले! सर्वमान्य उत्तर तयार होतं: नोहाच्या वेळच्या प्रलयाने ते वर नेऊन टाकले.

लिओनार्दो 'मला पटत नाही' म्हणून थांबत नाही. प्रतिपक्षाचं म्हणणं खरं धरून तो हिशोब मांडतो. प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस. कॉकल जातीचा शिंपला, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातला, वाळूत चर पाडत सरकतो. दिवसाला तीन ते चार ब्राच्चो. एक ब्राच्चो जवळपास दोन फुटांचा, म्हणजे दिवसाला सहा-आठ फूट. एड्रिॲटिक समुद्रापासून उत्तर इटलीतल्या मोनफेर्रातोपर्यंत अडीचशे मैल. चाळीस दिवसांत हा जीव फार तर सव्वातीनशे फूट जाईल. पोचला कसा?

आता आक्षेप येणार: चालत नसेल गेला, लाटांनी नेला असेल. यावर तो म्हणतो, शिंपला जड. लाटेबरोबर वर तरंगणार नाही, तळाशीच राहणार. बरं, मेलेले शिंपले वाहून आले म्हणावं, तर खडकात जोडीच्या दोन्ही शिंपा एकमेकींना चिकटलेल्या का सापडतात? लहानमोठे एकत्र, जिथे वाढले तिथेच असल्यासारखे का दिसतात? आणि एकाच पुराने आणले असते तर एकाच थरात असते. इथे एकावर एक कित्येक थर आहेत, आणि थरांच्या मधे किड्यांच्या सरपटण्याच्या खुणाही आहेत.

दुसऱ्या एका टिपणात तो शेवटचा घाव घालतो. पावसाने सगळी पृथ्वी सारखीच झाकली, तर ते पाणी ओसरून गेलं कुठे? पाण्याला वाहायला उतार लागतो, आणि चहूकडे पातळी सारखी असेल तर उतारच नाही. म्हणजे पाणी काढून घ्यायला आणखी एक चमत्कार हवा.

पाच-सहा पायऱ्यांचा वाद आहे हा. प्रत्येक पायरीवर समोरच्याला एक वाट मोकळी ठेवायची आणि मग ती बंद करायची. आपल्याकडे याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. ज्या वहीत हे आहे ती ७२ पानांची. १९९४ मध्ये बिल गेट्स यांनी तीन कोटी डॉलरच्या वर मोजून घेतली.

हे तर भूगर्भशास्त्र झालं. यात तत्त्वज्ञान कुठे?

रास्त शंका. म्हणून आता 'काहीच नाही' या गोष्टीकडे येऊ.

लिओनार्दोला एक प्रश्न वर्षानुवर्षं छळत होता: हवा आणि पाणी यांच्या मधे जी हद्द आहे, ती कशाची? हवेची म्हणावी तर पाण्याची का नाही? पाण्याची म्हणावी तर हवेची का नाही? मधे तिसरा पदार्थ तर नाही. मग ती हद्द जाडीहीन आहे, ती कशाचाच भाग नाही, म्हणजे ती 'काहीच नाही' आहे. तरीही ती आहे, कारण हवा तिथे संपते. आपल्यातल्या थोर गोष्टींत शून्यत्वाचं अस्तित्व सर्वांत थोर, असं तो लिहून जातो. काळातही त्याला तेच दिसतं. नदीच्या पाण्यात हात घातलास, तर हाताला लागतं ते गेलेल्या पाण्यातलं शेवटचं आणि येणाऱ्या पाण्यातलं पहिलं. वर्तमानकाळ असाच आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, शब्दांचा खेळ. पण हाच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुंचला घेऊन उभा राहतो, आणि त्याच्यापुढे अडचण असते की गालाची कड कशी काढायची. फ्लॉरेन्सचे बाकीचे चित्रकार रेघ मारून मोकळे होत. हा म्हणतो, कड हा वस्तूचा भाग नाही, तर मी ती रेघेने कशी दाखवू? रेघ मारली की जे नाही ते आहे असं सांगितल्यासारखं होईल. म्हणून तो सावलीत सावली मिसळतो, धुरासारखी. १५०३ च्या सुमारास सुरू केलेल्या मोनालिसाच्या ओठांचे कोपरे नेमके कुठे संपतात ते बोट ठेवून दाखवून बघा. दाखवता येत नाहीत. ते हसू गूढ वगैरे आहे की नाही ते मला ठाऊक नाही. त्यामागे हद्दीबद्दलचं एक मत आहे, एवढं मात्र वह्यांत वाचता येतं.

माझ्या दृष्टीने तो तत्त्वज्ञ ठरतो तो इथे.

'चित्रकला हेच तत्त्वज्ञान' असं तो खरंच म्हणाला का?

हो, आणि हट्टाने. तेव्हा चित्रकला ही हातकारागिरी मानली जाई, सुतारकामाच्या रांगेतली. त्याचं म्हणणं असं की तत्त्वज्ञान वस्तूच्या आत शिरून तिचे गुण शोधतं, चित्रकार तिचा पृष्ठभाग, रंग, आकार हाताळतो. पण चित्रकाराच्या हाती पहिलं सत्य लागतं, कारण डोळा कमी फसतो.

आता गंमत पाहा. १५०८ च्या आसपास तो डोळ्याचाच अभ्यास करायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की डोळा वस्तूची कड कधीच नेमकी पाहू शकत नाही. ज्या साक्षीदारावर सगळा खटला उभा केला, त्याचीच उलटतपासणी त्याने स्वतः घेतली. आधीच्या मताची सोय पाहत बसला नाही.

कवी आणि शिल्पकारांशी त्याची भांडणं मात्र निव्वळ करमणूक आहेत. चित्राला मुकं काव्य म्हणता? मग काव्याला आंधळं चित्र म्हणा. शिल्पकार संगमरवराच्या भुकटीने माखून पाववाल्यासारखा दिसतो. चित्रकार बघा, चांगले कपडे घालून, संगीत ऐकत बसलेला! हा युक्तिवाद कमी आणि खुन्नस जास्त.

देव, आत्मा यांबद्दल त्याचं मत काय?

आत्मा मेंदूत नेमका कुठे बसतो हे त्याने शोधलं. १४८९ च्या कवटीच्या चित्रांत तो रेघा टाकून ती जागा काढायचा प्रयत्न करतो. सगळ्या इंद्रियांची माहिती जिथे एकत्र येते, तिथे निवाडा होतो, आणि जिथे निवाडा तिथे आत्मा, असा त्याचा तर्क. पुढे बैलाच्या मेंदूच्या पोकळ्यांत वितळलेलं मेण ओतून त्याने त्यांचा साचाही काढला.

पण आत्मा म्हणजे काय, हे सांगायची वेळ आल्यावर तो हात वर करतो: बाकीची व्याख्या मी मठवासी साधूंच्या बुद्धीवर सोडतो, त्यांना दैवी प्रेरणेने सगळी गुपितं कळतात. पवित्र ग्रंथांना हात लावत नाही, ते परम सत्य आहे. हे नम्रपणे लिहिलंय की उपरोधाने? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. साधूंना 'सगळी गुपितं' माहीत असल्याचं प्रशस्तिपत्र जरा जास्तच गोड आहे.

मग त्याने ग्रंथ का लिहिला नाही?

लिहायचे होते. चित्रकला, पाणी, शरीररचना, पक्ष्यांचं उड्डाण, सगळ्यांवर योजना होत्या. आज जवळपास सात हजार पानं शिल्लक आहेत, डाव्या हाताने उजवीकडून डावीकडे लिहिलेली, एकाच पानावर भूमिती, उधारी आणि घोड्याचा पाय. त्यातून ग्रंथ उभा राहिला नाही. वारसा मिळाला शिष्य मेल्झीला. त्याने चित्रकलेवरची टिपणं लावून काढली, पण ती छापून यायला १६५१ साल उजाडलं, पॅरिसला. मेल्झीच्या मृत्यूनंतर कागद पांगले. पॉम्पेओ लिओनी नावाच्या शिल्पकाराने बरेचसे मिळवले, कापले, आपल्या मर्जीने चिकटवले. त्यातूनच मिलानच्या आंब्रोसिआना ग्रंथालयातलं १,११९ सुट्या कागदांचं बाड झालं.

तेव्हा त्याच्या विचारांचा प्रभाव शोधू नका. देकार्त किंवा गॅलिलिओ घडले ते या वह्यांच्या जोरावर नव्हे. 'त्याला आधीच सगळं ठाऊक होतं' या गोष्टीला ऐतिहासिक वजन शून्य.

विद्वानांत एकमत आहे का?

नाही. फ्रेंच संशोधक पिएर द्युएम यांनी १९०६ पासून दाखवून दिलं की लिओनार्दोच्या कित्येक कल्पना बुरिदां, सॅक्सनीचा आल्बर्ट अशा मध्ययुगीन पंडितांकडून आलेल्या आहेत. आभाळातून पडलेलं काही नाही. इटलीचे तत्त्वज्ञ क्रोचे यांनी त्याला तत्त्वज्ञ मानायला नकार दिला: त्याची नजर बाहेर, निसर्गाकडे, अंतर्मुख होऊन मनाचा विचार त्याने केला नाही. उलट जर्मनीचे कार्ल यास्पर्स यांनी १९५३ मध्ये त्याला तत्त्वज्ञ मानूनच स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

क्रोचे यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. 'मी कसं पाहतो' हा प्रश्न अंतर्मुख नाही तर काय आहे?

'साधेपणा हीच सर्वोच्च अभिजातता' हे त्याचंच ना?

नाही. त्याच्या वह्यांत ते नाही. 'एकदा उड्डाणाची चव घेतली की...' हेही नाही. व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्राखाली लिओनार्दोचं नाव दिसलं की खोटं समजून चालावं, फार तोटा होत नाही.

तो शाकाहारी होता, आणि त्याचा भारताशी संबंध होता, हे खरं का?

भारतात तो कधी आला नाही. पण एक पत्र आहे. आंद्रेआ कोर्साली नावाच्या फ्लॉरेन्सच्या प्रवाशाने १५१६ मध्ये कोचीहून जुलिआनो दे मेदिचीला लिहिलं की इथे गुजराती नावाचे लोक आहेत, ते रक्त असलेलं काही खात नाहीत आणि कुठल्याही जिवाला इजा होऊ देत नाहीत, आपल्या लिओनार्दो दा विंचीसारखे. बाजारात पिंजऱ्यातले पक्षी पैसे देऊन विकत घ्यायचे आणि सोडून द्यायचे, ही वासारीने सांगितलेली सवयही याच्याशी जुळते. मात्र प्राण्यांबद्दल त्याने नीतिशास्त्र असं रचलं नाही. वागणं होतं, सिद्धान्त नव्हता.

राफाएलच्या चित्रातला प्लेटो म्हणजे लिओनार्दोच ना?

व्हॅटिकनमधल्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रात प्लेटोचा चेहरा लिओनार्दोसारखा आहे असं मानतात. त्या वेळचा लेखी पुरावा नाही. असलाच, तरी चेहरा उसना घेतल्याने कोणी तत्त्वज्ञ होत नाही.

वाचायचं असेल तर कुठून सुरू करू?

टिपणांच्या निवडक अनुवादापासून करा, चरित्रापासून नको. चरित्रकार त्याला लगेच देवघरात बसवतात. मूळ पानं पाहायची असतील तर आंब्रोसिआनामधलं बाड इंटरनेटवर आहे. अक्षर आरशात धरावं लागेल.

ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या वहीतलं २४५ वं पान मात्र चुकवू नका. साल १५१८ च्या आसपासचं, म्हातारा फ्रान्समध्ये त्रिकोणांच्या क्षेत्रफळांशी झगडतोय. चार आकृत्या, खाली सिद्धता चालू आहे, आणि मधेच 'वगैरे'. पुढे कारण दिलंय: सूप गार होतंय.